ठणठणीत

"इथं आता औषध देणारे कमी आणि फोन करणाऱ्या बायाच जास्त झाल्यात," लिफ्टमध्ये तिच्या पाठीमागून कुणीतरी कुरकुरलं. कुरकुरताना आवाज खाली ठेवायचा असतो, हे त्या माणसाच्या गावीही नसावं. चादरींची ढकलगाडी घेऊन उभा असलेला वॉर्डबॉय गालात हसला. तिलाही हसू आलं, कारण त्या फोन करणाऱ्या बायांपैकी ती स्वतःच एक होती आणि गळ्यातलं ओळखपत्र तसं सांगतही होतं; पण ओळखपत्र पुढच्या बाजूला होतं आणि माणूस मागे. लिफ्ट खच्चून भरलेली. वळायचं म्हटलं तरी कुणाच्या तरी बरगडीत कोपर गेलं असतं. तेवढ्यात तोच आवाज पुन्हा म्हणाला, "आणि हे बघ. तिचा फोन आला की तू मध्ये बोलू नकोस. आपण घरी आहोत. कळलं का?" "काय?" एका बाईचा आवाज. "घरी. आपण घरी आहोत." "हां, घरी," बाई समजूतदारपणे म्हणाली. 'आपण' आणि 'घरी' यांच्यामध्ये त्या माणसानं एक श्वास घेतला होता. छोटासाच, पायरीवर क्षणभर टेकावं तसा. त्या श्वासावरून तिनं त्याला ओळखलं.

ते काका होते. गेले कित्येक महिने रोज सकाळी ती ज्यांना फोन करत होती, आणि जे रोज तिला "एकदम ठणठणीत" असं सांगत होते, ते काका. लिफ्टच्या स्टीलच्या दारात माणसांचे नुसते पुसट डाग दिसत होते. त्यातला कुठला डाग काकांचा हे ती शोधत राहिली. हाक मारली असती तर मारता आली असती. अहो काका, तुम्ही इथं कसे, एवढंच. पण चोरी त्यांची पकडली गेली होती आणि मान मात्र तिची खाली गेली होती. चौथ्या मजल्यावर, कान आणि डोळ्यांच्या विभागापाशी, लिफ्ट थांबली. दोघं तिला घासून बाहेर पडले तेव्हा तिनं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. तरी जे दिसायचं ते दिसलंच. जाड कापडी पिशवी, तिच्यातून डोकावणारं थर्मासचं झाकण, गुंडाळी केलेली शाल. आणि काकांच्या पायातली सॅन्डल, तिचा मागचा पट्टा न लावता तसाच लोंबत सोडलेला. पाय सुजले की माणसं आधी पट्टा सोडतात. दार बंद झालं. वॉर्डबॉय म्हणाला, "मॅडम, तुमचीच तारीफ चालली होती." ती म्हणाली, "रोजचंच आहे."

सहाव्या मजल्यावर तिची खोली होती. खोली म्हणजे पूर्वी सलाईनचे खोके ठेवायची जागा. खिडकी एक, टेबलं दोन, आणि भिंतीवर फळा. या नव्या योजनेआधी ती वॉर्डात नर्स होती. तेव्हा प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरता माणूस बघायचा. हृदयाचे डॉक्टर अंगातलं पाणी काढायला सांगायचे, किडनीचे डॉक्टर म्हणायचे, इतकं काढू नका. साखरेच्या गोळीनं पाय सुजायचे आणि सुजलेल्या पायांसाठी चौथा कुणीतरी आणखी एक गोळी लिहायचा. माणूस घरी जायचा, गोळ्यांचा ढीग बघून गोंधळायचा आणि पंधरवड्यात परत खाटेवर यायचा. मग कुणाला तरी सुचलं की सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसावं, गोळ्यांची एकच यादी करावी, आणि घरी गेलेल्या माणसाची रोज विचारपूस करायला एक बाई ठेवावी. ती बाई म्हणजे ही. आणि खोटं कशाला बोला, गुण आला होता. माणसं खरंच कमी वेळा परत येत होती. खाट म्हणजे रुग्णालयातली सगळ्यात महाग वस्तू, ती रिकामी राहिली की पैसा वाचतो. वाचलेल्या पैशातला काही वाटा विमा निधीवाले रुग्णालयाला परत देत होते, आणि त्या वाट्यातून लहान मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला आणखी दोन नर्सेस मिळाल्या होत्या. हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगायची. नवऱ्याला तर इतक्या वेळा सांगितलं होतं की तो आता जेवताना हातानंच पुरे अशी खूण करायचा.

नवऱ्याची तक्रार वेगळीच होती. तो म्हणायचा, तुझा तो फोनवरचा आवाज घरात आणत जाऊ नकोस, मी काही तुझा पेशंट नाही. फोनवरचा आवाज कुठला, ते तिला आधी कळलंच नव्हतं. मग एकदा संध्याकाळी चपला काढता काढता तिनं त्याला विचारलं, कसा होता आजचा दिवस, आणि तो म्हणाला ठीक, आणि तिच्या मनात कुठेतरी एका चौकोनात बरोबरची खूण झाली, आणि ती पुढच्या कामाला लागली. दिवस ठीक नव्हता. त्या दिवशी त्याचं ऑफिसात कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला ते पुढच्या आठवड्यात शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून ती स्वतःचा आवाज कान देऊन ऐकायला शिकली. मऊ, धुतलेला, इस्त्री केलेला आवाज. त्या आवाजात विचारलं की समोरचा माणूस 'ठीक' म्हणून मोकळा होतो. दुसरं काही म्हणणं म्हणजे इस्त्रीवर चुण्या पाडणं.

आणि ऐकायला तर तिला फार पूर्वीच शिकवलं होतं. नव्यानं वॉर्डात लागली तेव्हाच्या मोठ्या सिस्टर, उंच, कोरड्या, हसल्या की आपल्यालाच धसका बसावा अशा. त्या तिला खाटेपाशी उभं करायच्या आणि म्हणायच्या, माणूस काय बोलतो ते डॉक्टरांना ऐकू दे, तू बघ तो कुठं थांबतो. धडधाकट माणूस वाक्य संपल्यावर थांबतो. दम लागलेला माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून हसतो, खोकतो, नाहीतर तुझी चौकशी करतो. काका मध्यंतरी तिची फार चौकशी करायला लागले होते. तुझं कसं चाललंय पोरी, साहेब खूश आहेत ना तुझ्यावर. तिनं ते मायेच्या खात्यात घातलं. माया होतीच. पण शब्दांच्या मधली ती टेकणी तिच्या कानांनी तेव्हाच टिपली होती. मनानं मात्र लगेच कारण पुढे केलं होतं: चहाचा घोट तोंडात असेल, अंघोळ करून आले असतील, अंगणात फिरून आले असतील. काकांना बरं वाटावं असं तिला वाटत होतं आणि काका बरंच सांगत होते, मग दोघांच्या मध्ये कानानं कशाला तोंड घालायचं?

पूर्वी काका अपघात विभागात सगळ्यांना ठाऊक होते. यायचे ते नेहमी दिवस मावळताना, पिशवी भरून. पिशवीत टॉवेल, स्वतःचा पेला, छोटा रेडिओ. दम लागतोय म्हणायचे. तपासलं की कधी खरंच पाणी साठलेलं असायचं, कधी फारसं काही नसायचं. एक रात्र ठेवून घेतलं की सकाळी फुलासारखे टवटवीत. तिथली पोरं म्हणायची, आले आपले मुक्कामी पाहुणे. संध्याकाळीच का येतात, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाही वाटलं नव्हतं. योजनेत पहिलं नाव त्यांचं घातलं गेलं. सगळ्या डॉक्टरांनी मिळून त्यांच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या, तिनं रोज फोन सुरू केला, काही वाटलं तर आधी मला सांगायचं, उठून यायचं नाही, असं प्रेमानं बजावलं, आणि काका यायचे थांबले. एकदम थांबले. एकदा तीच कौतुकानं म्हणून गेली होती, काका, तुम्ही आमचे पहिल्या नंबरचे, तुमच्यावर आमची सगळी भिस्त. तिकडून ते हसले होते. म्हणाले होते, मग तुझं नाव खाली जाऊ द्यायचं नाही.

त्यांच्या घरीही ती जाऊन आली होती, दोनेक महिन्यांपूर्वी. योजनेत ते बसतं: घर बघायचं, माणूस पडेल असं काय काय आहे ते हेरायचं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. काकू दारातच हसून उभ्या. फोनवर त्या कधीच येत नसत, त्यामुळे ती त्यांना जरा शिष्ट समजून चालली होती. तर बाई साखरेसारख्या. फक्त तिच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. कानात यंत्र होतं, केसांआड. तिनं पायपुसणं उचलायला लावलं, न्हाणीघरात आधाराची दांडी सुचवली, वजनकाटा सपाट जागी ठेवला, गोळ्यांची कप्प्याकप्प्यांची डबी भरून दाखवली. झोपायच्या खोलीत दोन पलंग, मध्ये जाण्यायेण्यापुरती वाट, आणि त्या वाटेत आडवी, या पलंगापासून त्या पलंगापर्यंत, एक दोरी. सुती, जाडसर. ती म्हणाली, काका, ही कशाला? रात्री उठलात की पायात येईल. कपडे वाळत घालायला बाहेर जागा आहे की. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काकू काही बोलणार होत्या. काका आधी म्हणाले, असंच, जुनी सवय. गाठ घट्ट होती. तिनं स्वतः वाकून, नखं दुखवून घेत सोडवली, दोरीची सुबक गुंडाळी करून कपाटाच्या खणात ठेवली. जाताना काकूंनी तिच्या हातावर एक पेरू ठेवला. कागदावर तिनं लिहिलं, घरी सोबत: पत्नी. आणि समोर खूण केली.

आता तिनं खुर्चीत बसून फोन उचलला. वेळ झालीच होती. दोन मजले खाली वाजणाऱ्या फोनचा आवाज आपल्याला जमिनीतून ऐकू येईल की काय, अशी तिला विचित्र भीती वाटली.

"नमस्कार काका. कसं वाटतंय आज?"

"ठण... ठणीत."

"वजन केलंत?"

"केलं. कालच्याएवढंच."

"झोप?"

"झोपेचं काय. यायची तेव्हा येते. तुझं कसं, साहेब खूश ना?"

"आत्ता कुठं आहात काका?" हा प्रश्न तिच्या रोजच्या प्रश्नांत नव्हता. पलीकडे दोन सुरांची घंटा वाजली आणि एका यंत्रातल्या बाईनं कुणाचा तरी नंबर पुकारला. ही घंटा तिनं याआधीही ऐकली होती. कितीतरी सकाळी. तिला वाटायचं, टीव्ही लावलाय.

"घरीच," काका म्हणाले. "दारात खुर्ची टाकून... ऊन खातोय."

"आणि काकू?"

"आहे की. शेजारीच आहे."

एवढं तरी खरं होतं. फोन ठेवल्यावर तिच्या बोटानं सवयीनं 'ठीक'वर खूण केली, आणि मग ती त्या खुणेकडे बघत बसली. खोडावी, तर कारण लिहावं लागणार. कारण काय लिहायचं? लिफ्टमध्ये ऐकलं? पट्टा सुटलेला दिसला? आणि लिहिलं की काका पुन्हा खाटेवर, आणि काका खाटेवर म्हणजे फळ्यावरची, परत येणाऱ्यांच्या आकड्याची, ती खाली खाली येणारी रेघ पुन्हा वर. तेही आज. आजच निधीवाली मंडळी आढाव्याला आलेली. पुढच्या वर्षी योजना राहणार की गुंडाळणार हे आज ठरायचं होतं. लहान मुलांच्या वॉर्डातल्या त्या दोन नर्सेससुद्धा आजच्यावर लटकलेल्या, त्यातली एक पोटुशी. उद्या बघू, असं मन म्हणालं. मोठ्या सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, उद्या कुणी बघितलाय गं?

आढाव्याच्या खोलीत पडदे ओढलेले होते. विभागप्रमुखांना सगळे मागे गोड साहेब म्हणत, कारण ते कुणाला कधी लागेल असं बोलत नसत, आणि त्यामुळेच त्यांना लागेल असं काही बोलायची कुणाची छाती होत नसे. त्यांनी रेघ दाखवली. रेघ घसरगुंडीसारखी सुरेख खाली उतरत होती. मग म्हणाले, आकडे राहू देत, आता माणूस बघा. आणि पडद्यावर काका आले, भिंतीएवढे, हसणारे. फोटो तिनंच काढला होता, घरी गेली तेव्हा. फोटोत काकांच्या मागे झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि पलंगाचा एक पाय दिसत होता. साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे, प्रेमळ, चहा झालेले. आत्ता, असं तिला वाटलं, आणि तिच्या तोंडून तो मऊ आवाज आपला आपण बाहेर आला, "आज सकाळीच बोलणं झालं त्यांच्याशी. म्हणाले, ठणठणीत." सगळे हसले, कुणीतरी टाळी वाजवली. शब्दन्‌शब्द खरा होता. ती बसली तेव्हा शेजारचे किडनीचे डॉक्टर पडद्यावरची नजर न हलवता हळूच म्हणाले, वजन किती आहे त्यांचं? कालच्याएवढं, ती म्हणाली. कुणी सांगितलं? त्यांनीच. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं आहे हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यांना. मग दोघंही पडद्याकडे बघायला लागले. भिंतीएवढे काका दोघांकडे बघून हसत होते. ती उठली. साहेबांनी भुवया उंचावल्या, तिनं पोटावर हात ठेवून काहीतरी खूण केली आणि बाहेर पडली. लिफ्टची वाट न बघता जिना उतरली.

चौथ्या मजल्यावरचं प्रतीक्षागृह गच्च भरलेलं. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं, कंटाळलेली पोरं, नंबरांचा फलक. भिंतीकडच्या बाकावर काका बसल्या बसल्या झोपले होते. डोकं भिंतीला टेकवलेलं, तोंड किंचित उघडं, शाल गळ्यापर्यंत. काय झोप होती ती! आजूबाजूला एवढी माणसं, एवढा गलका, आणि त्या गलक्यात शिरून ते दुलईत झोपावं तसे झोपले होते. काकू ताठ बसल्या होत्या, काकांची बाही मुठीत धरून, त्यांचा कधीच न येणारा नंबर फलकावर बघत. तिला बघताच त्या दचकल्या आणि मग हसल्या, दारात हसल्या होत्या तशाच. ती खाली बसली आणि काकांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. सावकाश, नाइलाजानं भरत आला.

काका जागे झाले. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. "अगं पोरी, तू इथं? आम्ही आपलं... काकूच्या यंत्राचं काहीतरी..."

"काका," ती म्हणाली, आणि आवाज फाटका आला, घरचा, "तुमचा दम मला फोनवर ऐकू येत होता. बरेच दिवस."

काका काळजीनं म्हणाले, "लिहिलं नाहीस ना?"

"नाही."

"शहाणी आहेस."

तिनं सांगितलं की ती खाली खाट सांगणार आहे, आत्ता, अंगात पाणी साठलंय, हे घरी ठेवून चालायचं नाही. काका मान हलवायला लागले. नको, नको, तुझा तो आकडा, आज तुमच्याकडे कुणी मोठे लोक येणार होते ना, तूच म्हणाली होतीस. इथं दिवसभर टेकलो की होतंय बरं. आणि घरी सगळी सोय आहे, तूच लावून दिलीस, दांडी, डबी, काटा. "आणि काकू आहे ना सोबत," ते म्हणाले.

काकू इतका वेळ दोघांच्या ओठांवरून नजर इकडून तिकडे फिरवत होत्या. आता त्यांनी काकांच्या बाहीवरची मूठ सोडली.

"मी नाही सोबत," त्या म्हणाल्या.

"अगं, हळू."

पण काकूंना हळू म्हणजे किती, ते ऐकू येत नव्हतं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांनी आपलं मनगट तिच्यापुढे धरलं. त्यावर आता कसलीच खूण नव्हती. "दिवसा आहे मी. रात्री यंत्र काढून ठेवावं लागतं, कान पिकतो. तुम्ही ती दोरी सोडलीत ना, तिचं एक टोक यांच्या उशाशी असायचं आणि दुसरं माझ्या या हाताला. दम लागला की हे ओढायचे. तुम्ही चांगल्या मनानं सोडलीत, मग आम्ही कोणत्या तोंडानं परत बांधायची? तेव्हापासून हे रात्रभर उठून बसतात, आणि मी यांच्याकडे बघत बसते, आणि मग माझाच डोळा लागतो."

"अगं, गप्प बस," काका म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. "हे कळलं तर मुलं नेतील आपल्याला. मुलाकडे मी, मुलीकडे तू. दोन गावांना."

"नेऊ देत," काकू म्हणाल्या, आणि अख्ख्या प्रतीक्षागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाल्या, "बाई, रात्री हे हाका मारत मारत गेले, तरी मला ते सकाळी उठल्यावर कळेल."